पार्कच्या सहलीला घरची रीत: आखणीपासून परतीच्या खाऊपर्यंत

परीक्षा संपत आल्या की कोल्हापुरातल्या बऱ्याच घरांत एक विषय हमखास निघतो, यंदा पोरांना इमॅजिकाला न्यायचं का? खोपोलीजवळचं हे पार्क २०१३ साली सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी शेजारी वॉटर पार्कही आलं. आपल्याकडून पुणे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर आणि तिथून पुढे आणखी ऐंशी-नव्वद. तिकिटं, डिझेल, टोल, एक-दोन रात्रींचा मुक्काम आणि पार्कातलं जेवण धरलं, तर चार-पाच माणसांच्या घराला हा खर्च लहान नाही.

एवढं करून आल्यावर महिन्याभरानं पोरांना विचारून बघा, काय आठवतंय? नायट्रो या रोलर कोस्टरच्या उलट्या वळणांबद्दल दोन वाक्यं येतील. मग सुरू होईल वाटेत उघडलेला जेवणाचा डबा, रांगेत आबांनी अर्धवट ठेवलेली गोष्ट, आजीनं वहीत लिहिलेले मार्क. पाळणे सगळ्यांना सारखेच असतात, पण त्या दिवसात आपल्या घराचं म्हणून जे उरतं, ते आपण लावून घेतलेल्या या लहान लहान रितींमुळे. त्या आपोआप पडत नाहीत. कुणीतरी ठरवून एकदा कराव्या लागतात, आणि पुढच्या वेळी आठवणीनं परत कराव्या लागतात.

आपल्याला त्या शोधायला लांब जायला नको. जोतिबाच्या यात्रेला, टेंबलाईच्या जत्रेला आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या जातात. निघताना काय करायचं, चुकामूक झाली तर कुठं थांबायचं, शेजाऱ्यांना काय आणायचं, हे सगळं त्यात ठरलेलं असतं. पार्कच्या सहलीत मी सुचवते त्या बहुतेक गोष्टी तिथूनच घेतलेल्या आहेत. मात्र सगळ्या एकदम सुरू करू नका. पहिल्या खेपेला तीन पुरेत. निवडताना एवढं बघा, की ती गोष्ट स्वस्त हवी, पाच-दहा मिनिटांत व्हायला हवी आणि पाऊस आला किंवा एखादा पाळणा बंद असला तरी करता यायला हवी. आणि त्यातली एक तरी पूर्णपणे पोरांच्या हातात हवी.

महिनाभर आधी: डबा आणि दाराची चौकट

तारीख ठरवताना शनिवार-रविवार आणि दिवाळीचे दिवस टाळता आले तर टाळा. आठवड्याच्या मधल्या वारी रांगा लहान असतात आणि द्रुतगती मार्गावरही घाटात अडकायला होत नाही. खोपोलीच्या पट्ट्यात पाऊस जोरदार पडतो. विजा चमकू लागल्या की उघड्यावरचे मोठे पाळणे थांबवतात, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये हौसेनं गेलात तर आतल्या खेळांवरच दिवस काढायची तयारी ठेवा.

तारीख ठरली की एक रिकामा डबा घ्या, पत्र्याचा असला तर उत्तम, कारण त्यात नाणं पडल्याचा आवाज घरभर ऐकू जातो. त्यावर पोरांना चित्र काढू दे. भाजी आणल्यावर उरलेली चिल्लर, आत्यानं जाताना हातावर ठेवलेले पैसे, रद्दीचे आलेले पैसे त्यात टाकायचे. निघायच्या आदल्या रात्री डबा सगळ्यांसमोर उघडायचा, पोरांनीच मोजायचं, आणि प्रत्येकाच्या नावाच्या पाकिटात सारखे भरायचे. दोनशे असोत की तीनशे, पार्कात हे पैसे ज्याचे त्याचे. त्यानं त्याची टोपी घेतली, चावीची साखळी घेतली किंवा काहीच न घेता परत आणले, मोठ्यांनी एक शब्द बोलायचा नाही. ‘हे कशाला घेतलंस’ हे वाक्य त्या दिवशी बंद. खेळण्यांच्या दुकानासमोर चालणारी रडारड या एका पाकिटानं निम्म्याहून जास्त थांबते, कारण मागायला कुणी उरतच नाही.

दुसरी गोष्ट उंचीची. प्रत्येक मोठ्या पाळण्यापाशी किमान उंचीची पट्टी असते आणि ती सुरक्षिततेसाठी असते. बार आणि पट्टे ठरावीक अंगाच्या माणसाला धरतील अशा बेतानं बनवलेले असतात, त्यामुळे तिथं विनवण्या करू नयेत. पण तासभर रांगेत थांबून, आपला नंबर आल्यावर पट्टीपाशी परत फिरवलेलं पोर बघवत नाही. म्हणून घरी एका दाराच्या चौकटीवर दर पाडव्याला उंची मांडायची. पोराला चपला काढून, टाचा चौकटीला लावून उभं करा, डोक्यावर वही आडवी धरा, पेन्सिलीनं रेघ ओढा, शेजारी नाव आणि साल लिहा. सहलीच्या आठवड्यात पुन्हा एकदा मोजा आणि पार्कच्या संकेतस्थळावरची त्या वेळची उंचीची यादी शेजारी ठेवून बसा. यंदा कुठले पाळणे नव्यानं उघडले, कुठल्यासाठी अजून दोन बोटं वाढायचंय, हे पोराला घरीच कळतं. नाराजी घरीच होऊन जाते, आणि पुढच्या वर्षी काय मिळणार याची वाटही सुरू होते. आमच्या चौकटीला रंग द्यायची वेळ आली तेव्हा रंगाऱ्याला तेवढी एक पट्टी सोडून रंगवायला सांगितलं.

वाटेवर: डबा आणि पाच नद्या

एकाच दिवसात जाऊन यायचा हट्ट धरू नका. सहा-सात तास गाडी चालवून थेट पार्कात उतरलेला बाबा दुपारपर्यंत बाकावर झोपलेला असतो. आदल्या दिवशी निघा, पुण्यात कुणी नातेवाईक असतील तर त्यांच्याकडे नाहीतर वाटेत कुठं तरी मुक्काम करा आणि सकाळी दार उघडायच्या वेळी हजर राहा. रेल्वेनं जाणाऱ्यांना कोयना एक्सप्रेसनं लोणावळ्यापर्यंत जाऊन पुढं गाडी करता येते.

निघताना अंबाबाईला मनोमन नमस्कार, गाडीला नारळ, हे बहुतेक घरांत होतंच. त्यापुढचं ठरवायचं ते डब्याचं. वाटेतला पहिला घास घरचाच. दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. बरोबर शेंगदाण्याची चटणी, कोरडा खर्डा, लहानांना गूळ-तूप. बहुतेक पार्कांत बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, तेव्हा हा डबा वाटेवरच संपवायचा असतो. दर वेळी एकाच टप्प्यात उघडायचा, मग तो कराडच्या अलीकडे असो नाहीतर साताऱ्याच्या पुढे. पोरं त्या ठिकाणाची वाट बघू लागली की अर्धा रस्ता ‘आलं का, आलं का’ शिवाय जातो.

नद्यांचा खेळ मला सगळ्यात आवडतो. कोल्हापूर सोडताच पंचगंगा लागते. किणीचा टोलनाका गेला की वारणा. कराडला कोयना, भुईंजजवळ कृष्णा, आणि शिरवळपाशी नीरा. पूल आला की ज्याला आधी दिसेल त्यानं नदीचं नाव घ्यायचं, सगळ्यांनी बसल्या जागी हात जोडायचे. गाडी थांबवायची नाही, पुलावरून नाणं टाकायचं नाही. मोठ्या पोरांसाठी पुढचा प्रश्न असतो, हे पाणी जातं कुठं? पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते, वारणा हरिपूरला, कोयना कराडच्या प्रीतिसंगमावर. नीरा भीमेला जाऊन मिळते आणि भीमा खाली कृष्णेतच येते. म्हणजे पाचही पुलांखालचं पाणी शेवटी एकच. भूगोलाच्या पुस्तकात न बसलेली ही गोष्ट मागच्या सीटवर पक्की बसते, आणि परतीच्या वाटेवर पोरं तीच नावं उलट्या क्रमानं म्हणत येतात.

दारात: फोटो आणि दीपमाळ

प्रवेशद्वारासमोर घरच्यांचा एक फोटो सगळेच काढतात. त्याला रीत करायची तर दर वेळी त्याच जागी, त्याच क्रमानं उभं राहायचं. चार-सहा वर्षांचे फोटो शेजारी ठेवले की कोण कुणाच्या खांद्यापर्यंत आलं ते दिसतं. त्याचा व्यवहारातला उपयोग असा, की पोरांनी आज काय घातलंय ते फोनमध्ये राहतं. गर्दीत कुणी हरवलं तर घाबरलेल्या आईला शर्टाचा रंग आठवत नाही, फोटो दाखवता येतो.

मग दीपमाळ. जत्रेला गेल्यावर जाणती माणसं पहिल्यांदा सांगतात, ‘चुकामूक झाली तर दीपमाळेखाली थांबायचं, इकडं-तिकडं फिरायचं न्हाई.’ पार्कात दीपमाळ नसते, म्हणून आपण एक ठरवायची. आत शिरल्यावर घरातल्या सगळ्यात लहान पोरानं आजूबाजूला बघून जागा निवडायची, एखादं कारंजं, घड्याळ, मोठा पुतळा. लांबून दिसणारी आणि सावलीची असावी एवढीच अट. ठरली की सगळ्यांनी तिथं जाऊन हात लावून यायचा, आणि दिवसभर तिला दीपमाळच म्हणायचं. जागा स्वतः निवडलेली असल्यामुळे लहानग्याच्या ती डोक्यात घट्ट बसते. मोठ्यांचा तर फायदाच, कारण मोबाइलची बॅटरी दुपारी संपते आणि गोंगाटात रिंग ऐकू येत नाही.

याला दोन गोष्टींची जोड द्या. लहान पोरांच्या दंडावर आतल्या बाजूला बॉलपेननं फोन नंबर लिहा आणि एक चिठ्ठी खिशात ठेवा. वॉटर पार्कला जाणार असाल तर न पुसणारा मार्कर वापरा. आणि त्यांना सांगून ठेवा, की दीपमाळ सापडली नाही तर पार्कच्या गणवेशातल्या माणसाकडेच जायचं.

पहिला पाळणा कुठला, यावर दारातच भांडणं होतात. आमच्याकडे पहिला सगळ्यात लहानानं निवडायचा आणि शेवटचा सगळ्यात थोरल्यानं. पण सकाळचा पहिला तास सोन्यासारखा असतो, तो कुठल्याही पाळण्यावर घालवून चालत नाही. मोठ्या पाळण्यांची रांग त्यानंतर वाढत जाते. म्हणून मोठ्यांनी आधीच दोन-तीन नावांची यादी करावी आणि लहानानं त्यातून एक उचलावं. उंचीमुळे त्याला त्यात बसता येत नसेल तर एका मोठ्या माणसानं त्याला घेऊन शेजारच्या लहान पाळण्यावर जावं, बाकीच्यांनी मोठ्याची रांग धरावी. निवड त्याची झाली, वेळही वाया गेला नाही.

रांगेतली गोष्ट

दिवसाचा मोठा भाग रांगेत जातो. हे कितीही नियोजन केलं तरी टळत नाही, आणि नेमकं याच वेळात पोरांच्या हातात फोन दिला जातो. त्याऐवजी घरातल्या गोष्ट सांगणाऱ्या माणसाला कामाला लावा. आबा असतील, मावशी असेल, थोरली ताई असेल. त्यांनी एक लांबलचक गोष्ट घ्यायची, खरी असली तर फारच छान. आबांनी लहानपणी टेंबलाईच्या जत्रेत लाकडी पाळण्यात बसल्याची, माणसं हातानं फिरवायची त्या पाळण्याची. रंकाळ्यात पोहायला शिकल्याची. खासबागेत बघितलेल्या कुस्तीची. ती फक्त रांगेतच सांगायची, आणि पाळण्याचं दार आलं की जिथं असेल तिथं तोडायची. नियम कडक ठेवा. जेवताना कितीही विनवण्या झाल्या तरी पुढचं वाक्य सांगायचं नाही.

याचा परिणाम बघण्यासारखा असतो. ‘आबा, मग त्या पैलवानानं काय केलं?’ म्हणत पोरं पुढच्या रांगेकडं पळतात. गोष्ट दिवसात संपली नाही तर राहू दे, उरलेली पुढच्या खेपेला. ज्यांच्याकडे सांगणारं कुणी नाही त्यांनी गावांच्या नावांच्या भेंड्या लावाव्यात, तालुक्या-तालुक्यातली गावं घेत गेलात तर तासभर पुरतात. उखाण्यांची पैजही रंगते.

पाळण्यावर चांगभलं, पाळण्याखाली वही

रोलर कोस्टरची गाडी साखळीनं वर चढत असते, खाली झाडं लहान होत जातात, बोलणं बंद होतं. अगदी टोकाला, खाली कोसळायच्या आधीच्या त्या क्षणाला सगळ्यांनी एकदम ओरडायचं, ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं!’ भेदरलेल्या माणसालाही त्या आरोळीत बळ येतं. पहिल्यांदा मोठ्या पाळण्यावर बसणाऱ्या पोरासाठी तर मी ही रीत आवर्जून सुचवते. त्याला भीतीच्या क्षणी करायला एक काम मिळतं आणि श्वास रोखून धरायच्या ऐवजी तो मोकळा होतो. पार्कात कुठं तरी दुसऱ्या रांगेतून उत्तर येतं, आणि कोल्हापूर-सांगलीकडची माणसं आलीत हे लगेच कळतं.

खाली कोण असतं? रक्तदाबाची, हृदयाची, पाठीची तक्रार असणारे, गरोदर बाया, आणि ज्यांना नकोच वाटतं ते. पाटीवर लिहिलेलं मनावर घ्या, ‘काही होत नाही’ म्हणून आजीला ओढू नका. पण पिशव्या सांभाळायला म्हणून तिला दिवसभर बसवून ठेवणंही बरोबर नाही. तिच्या हातात एक वही आणि पेन द्या. प्रत्येक पाळण्यावरून उतरलेल्यानं थेट तिच्याकडे यायचं, एका वाक्यात सांगायचं काय वाटलं, आणि दहापैकी मार्क द्यायचे. ती तसंच्या तसं लिहून घेणार. ‘पोट घशात आलं, नऊ.’ ‘नुस्तं भिजलो, पाच.’ सगळे तिच्याभोवती गोळा होतात, आणि दिवसाचा हिशेब तिच्याकडे राहतो. तिच्यासाठीही दोन खेळ आधीच निवडून ठेवा. इमॅजिकात बसून बघायचे शो आहेत. ‘आय फॉर इंडिया’मध्ये मोठ्या पडद्यासमोर खुर्च्या उचलल्या जातात आणि देशातली ठिकाणं वरून उडत बघितल्यासारखी दिसतात. तब्येतीची तक्रार नसेल आणि उंचीची भीती नसेल तर तिला तो नक्की दाखवा, आणि त्या वेळी मार्क पोरांनी लिहून घ्यावेत.

चारचा चहा

दुपारी साडेतीन-चारला लहान पोरं किरकिरतात, मोठी माणसं एकमेकांवर खेकसतात. सहल बिघडते ती याच वेळेला. म्हणून चार वाजता सगळे दीपमाळेपाशी. जोडे काढायचे, पाय धुवायचे, कोरडे मोजे घालायचे (प्रत्येकाची एक जादा जोडी सोबत हवीच). मोठ्यांना चहा, पोरांना आइस्क्रीम, ते बाबांच्या खिशातून, पाकिटातल्या पैशांना हात लावायचा नाही. अर्धा तास कुणी कुठला पाळणा राहिला हे बोलायचं नाही. ज्यांना घाई आहे त्यांना हा अर्धा तास फुकट गेला असं वाटतं. मी तो कधीच सोडणार नाही, कारण त्यानंतरचे तीन तास त्याच्यामुळेच मिळतात.

शेवटचा तास आणि खाऊ

शेवटच्या तासाला नवी मोठी रांग धरू नये. संध्याकाळची मिरवणूक असेल तर वीस मिनिटं आधी कडेची जागा धरा, लहानांना पुढं बसवा. मग थोरल्यानं निवडलेला शेवटचा पाळणा, तोही सगळ्यांना बसता येईल असा शांत.

परतताना लोणावळ्याची चिक्की किंवा साताऱ्याचे कंदी पेढे. जत्रेहून येणारा माणूस रिकाम्या हातानं येत नाही, शेजारच्या काकी, घरकामाला येणाऱ्या मावशी, गाडी बघून ‘कुठं गेलता रं?’ विचारणारे दारातले आजोबा, सगळ्यांना हातावर खाऊ जातो. तो पोरांनी स्वतः वाटायचा. वाटताना प्रत्येक दारात सहलीची गोष्ट पुन्हा सांगितली जाते, आणि पाचव्या दारापर्यंत ती चांगली रंगलेली असते. ज्या भावंडांना काही कारणानं येता आलं नाही त्यांचा वाटा आधी काढून ठेवावा.

परदेशी जाणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडतं. अमेरिकेतल्या डिस्नेच्या पार्कांत वाढदिवसाचे, पहिल्या भेटीचे बिल्ले फुकट मिळतात, ते मागून घ्यावेत आणि वहीला टोचावेत. पात्रांच्या सह्याही त्याच वहीत घ्याव्यात. हाँगकाँगला किंवा सिंगापूरच्या युनिव्हर्सलला डब्यात दशमी नेता येणार नाही, पण दीपमाळ आणि चांगभलं कुठंही चालतं.

पोरं मोठी झाली की

तेरा-चौदाव्या वर्षी दारातल्या फोटोला तोंड वाकडं होतं. तेव्हा ओढून उभं करू नका. कॅमेरा त्याच्याच हातात द्या, क्रम त्याला लावू दे, शेवटी टायमर लावून तो आपणहून येऊन उभा राहतो. मैत्रिणीबरोबर वेगळं फिरायचं असेल तर दोन तास मोकळं सोडा, फक्त चारला दीपमाळेपाशी यायचं ही एक अट ठेवा. एखादी रीत सगळ्यांनाच नकोशी झाली असेल तर ती खुशाल सोडून द्या. तिच्या जागी नवी काय हवी ते पोरांना ठरवू दे. ओझं झालेली रीत पुढं चालत नाही, आणि चालवूही नये.

वहीचं शेवटचं पान

घरी पोचलेल्या रात्री आमटी-भात आणि झोप. दुसऱ्या दिवशी मिसळ खाताना आजीची वही काढायची. तिकिटं चिकटवायची, मार्कांची बेरीज करायची, यंदाचा पहिला नंबर कुठल्या पाळण्याला ते जाहीर करायचं. शेवटचं पान मोठ्यांचं. ताजं आठवतंय तोवर त्यावर लिहून टाका: किती वाजता निघालो आणि किती वाजता पोचलो, कुठल्या टप्प्यात गाडी अडकली, कुठला पाळणा सकाळी आधी गाठायला हवा होता, दुपारी सावली कुठल्या बाकांवर असते, मोजे किती जोड कमी पडले, डब्यातलं काय उरलं. आणि आबांची गोष्ट कुठल्या वाक्यावर तुटली, तेही.